बापाच्या हातचं पिस्तूल

चाळीस वर्षं लेथ चालवलेल्या माणसाला कुणी शहाणपण शिकवायला जाऊ नये, आणि हा बाप तर मुळातच तिरसट. लेकीच्या पिस्तुलाची मूठ त्यानंच कोरली होती, अक्रोडाच्या लाकडाची, तिच्या तळव्याचा साचा घेऊन. चाप किती जोरानं दाबला की सुटावा, तेही वजन टांगून त्यानंच ठरवलेलं. क्लबातल्या मिस्त्रीनं नुसता हात पुढे केला तरी हा अंगावर जायचा. "राहू द्या! तुम्ही बिघडवायचं आणि मी निस्तरायचं!"

आज निवड चाचणी होती. संघात जागा एकच. लेकीचा खांदा कामातून गेलेला. हंगाम संपला की ऑपरेशन आणि नेमबाजी बंद, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. दोन वर्षं एकेका गुणानं जागा हुकली होती. यंदा नाही तर कधीच नाही.

म्हणून तर बापानं काल दुपारी पिस्तुलाची स्प्रिंग बदलली. गोळी सुटली की वरची स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येताना नवी गोळी आत ढकलते. स्प्रिंग थोडी कडक असली की धक्का कमी बसतो. दुखऱ्या खांद्याला तेवढाच आराम, बिचारीला.

सावकाश नेमाच्या फेरीत लेक पहिली आली. मग झटपट फेरी. टार्गेट तीन सेकंद समोर वळतं, तेवढ्यात एक गोळी मारायची; अशा पाच-पाच. शेवटच्या पाचांतली तिसरी सुटली आणि बापानं दुर्बीण पिस्तुलावर वळवली. पुंगळी बाहेर पडायच्या फटीतच अडकली होती. स्लाइड पुरती मागे गेलीच नव्हती. म्हणजे स्प्रिंग नको तेवढी कडक! काल त्यानं ती नुसती चिमटीत चाचपून निवडली होती. तारेची जाडी डोळ्यांना दिसेनाशी होऊन वर्ष झालं होतं, पण कुणाला चकार शब्दानं सांगितलं असेल तर शपथ.

अजून सगळं गेलं नव्हतं. पिस्तूल अडलं की मोकळा हात वर करायचा. पंच येऊन तपासतो, राहिलेल्या गोळ्या मारू देतो. स्वतः पिस्तुलाला हात लावला की मात्र ती गोळी गेली. पण क्लबात रोज सरावाला पंच कुठला असायला? तिथे बापच मागून खेकसायचा, "अडलं की स्लाइड ओढ! बघत काय बसतेस?" अशी सात वर्षं.

'हात वर कर,' तो मनात म्हणत राहिला. ओरडायची सोय नव्हती. 'हात वर कर गं पोरी, पाया पडतो तुझ्या.'

लेकीची नजर टार्गेटावरच होती. ते वळलं. तिनं चाप दाबला, काहीच नाही. तिचा डावा हात उठला आणि थेट स्लाइडवर गेला. पुंगळी उडाली, तोवर टार्गेट पाठमोरं झालं होतं. पाचवी तिनं बरोब्बर दहात मारली, पण काय उपयोग? सहा गुणांनी जागा गेली.

ती बाकावर बसून खांद्याची पट्टी सोडत होती. बाप शेजारी टेकला.

"तुझा दोष नाही," तो म्हणाला. "ओढायची खोड मीच लावली. आणि स्प्रिंगही माझीच चुकली. मला जवळचं दिसत नाही गं आता."

"माहीत आहे, बाबा."

"कधीपासून?"

"डोळ्यांचं तर केव्हाचंच. स्प्रिंगचं सकाळी कळलं. सरावाच्या पहिल्याच गोळीला स्लाइड जड वाटली. जुनी स्प्रिंग माझ्या पिशवीत होती."

"अगं मग बदलली का नाहीस?" बाप ओरडलाच. आजूबाजूचे वळून बघायला लागले. "दोन मिनिटांचं काम! का नाही बदललीस?"

लेकीनं पट्टीची गुंडाळी केली.

"तुम्ही सकाळपासून माझ्याजवळून हललाच नाहीत, बाबा," ती म्हणाली. "तुमच्यासमोर कशी बदलणार?"