परत आलेली ओळ

मित्रांनो, जिन्याखाली झाडूशेजारी धूळ खात पडलेला जुना संगणक तो मीच. एके काळी डोळ्यांच्या दवाखान्यात खिडकीजवळच्या टेबलावर माझी काय ऐट होती!

माझी सोबतीण नोंदणीताई. दिवसभर ती रुग्णांची नावे, वये, फोन नंबर रकान्यांत भरायची. संध्याकाळी ती फाइल मी दूरच्या मोठ्या इस्पितळातल्या माहितीसाठ्यात पाठवायचो. तिथून रुग्णांना शस्त्रक्रियेची तारीख कळायची. "आमचा गडी कधी दमत नाही हं!" असे म्हणत ताई मला रुमालाने पुसायची आणि मी फुशारून जायचो.

एकदा एक शिंपीकाका आले. त्यांच्याकडे फोन नव्हता. "काळजी करू नका काका, मी लिहिते ना," म्हणत ताईने फोनच्या रकान्यात लिहिले, 'खालच्या दुकानात निरोप द्या'.

पण तिकडचा कारभार भारी शिस्तीचा. त्या रकान्यात आकड्यांऐवजी शब्द दिसले की अख्खी ओळ परत! त्या संध्याकाळी एकशे बारा ओळी पोचल्या, एक परत आली. मी पडद्यावर ठळक हिरव्या अक्षरांत लिहिले, 'काम पूर्ण'. आणि खाली कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'एक ओळ नाकारली'. ताईने हिरवे तेवढे वाचले, पर्स उचलली आणि ती घरी गेली.

सात महिन्यांनी काका सुनेचा हात धरून आले. "ताई, मला विसरलात का हो?" ताईने यादी दोनदा पाहिली. नाव नव्हतेच. डॉक्टरांनी डोळे तपासले आणि मान हलवली. "फार उशीर केलात. तेव्हाच यायला हवं होतं."

"आलो होतो की," काका हळूच म्हणाले.

ताईने माझ्यातून ती ओळ शोधून काढली आणि ती ओक्साबोक्शी रडली. काकाच तिला म्हणाले, "तुम्ही चांगल्या मनानं लिहिलंत. सुई आता सूनबाई ओवते." मला मात्र तोंड लपवायलाही जागा नव्हती. पुढे ताई रोज शेवटची ओळ बोट ठेवून वाचायची. पण बैल गेला आणि झोपा केला, त्याचा काकांना काय उपयोग?

नंतर नवा संगणक आला आणि मी इथे आलो. त्याचे दुःख नाही. मित्रांनो, 'काम पूर्ण' दिसले म्हणून लगेच उठू नका, मागे कोण राहिले ते आधी बघा. माझ्या पोटात ती ओळ अजून तशीच आहे. वय एकसष्ट, काम शिवणकाम, खालच्या दुकानात निरोप द्या.