घरघर गिळणारी तार

संध्याकाळी सात वाजता, नवरात्राच्या पाचव्या माळेला, राणीसावरगावातल्या आमच्या गल्लीच्या मंडपात शिवकन्येने अॅम्प्लिफायरचा खटका दाबला आणि कर्ण्यातून काहीच आवाज आला नाही.

आरती झाली होती. बायका सतरंजीवर बसल्या होत्या, पुरुष बाहेर ओट्यांवर. सगळ्यांनी कर्ण्याकडे पाहिलं.

"बंद पडलं," मागून कोणीतरी म्हणालं.

मित्रांनो, ते बंद पडलं नव्हतं. मी एक जुनी, उघडी तांब्याची तार आहे. मी त्या अॅम्प्लिफायरच्या पेटीच्या आत होते आणि ती शांतता माझंच काम होतं. मी तिथे कशी पोचले ते क्रमाने सांगते. जे माझ्यावर गुजरलं ते तसं सांगेन, जे नुसतं कानावर आलं ते ऐकीव म्हणूनच सांगेन.

माझा कारखाना कुठल्या गावचा ते मला ठाऊक नाही. तांब्याची जाड कांब एकाहून एक बारीक छिद्रांतून ओढत नेली आणि शेवटच्या छिद्रातून मी बाहेर आले, एवढंच आठवतं. माझ्या अंगावर प्लास्टिक नव्हतं, रबर नव्हतं, रोगणही नव्हतं. गंगाखेडच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानातून व्यंकटरावांनी मला सायकलच्या हँडलला अडकवून गावात आणलं. त्यांची पिठाची गिरणी नवीन होती आणि मी तिची अर्थिंगची तार झाले.

अर्थिंगच्या तारेचं काम असं असतं की ते नीट चाललं तर कोणाला कळत नाही. मोटारीच्या लोखंडी अंगावर वीज चुकून आली तर ती माणसाच्या हाताला लागायच्या आत जमिनीत नेऊन सोडायची. माझं एक टोक मोटारीला होतं आणि दुसरं भिंतीमागच्या खड्ड्यात, मीठ-कोळशात पुरलेलं. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की मी निकामी होते, म्हणून व्यंकटरावांच्या पत्नी सरजाबाई रोज त्यात तांब्याभर पाणी ओतत.

एका सकाळी कणीक मळता मळता त्या तशाच ओल्या हाताने गिरणीजवळ आल्या आणि मोटारीला टेकल्या. आत वायर जळून उघडी पडली होती. सगळा प्रवाह माझ्यातून धावला, फ्यूज उडाला आणि गिरणी थांबली. सरजाबाईंच्या हाताला मुंगी चावल्यासारखं झालं, इतकंच. त्या वर्षी खंडेनवमीला व्यंकटरावांनी जात्याच्या दगडाला, पट्ट्याला आणि मोटारीला हळदकुंकू लावलं, मग खाली वाकून माझ्याही अंगाला एक बोट ओढलं. मित्रांनो, अर्थिंगच्या तारेला कोणी पुजल्याचं मी तरी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

पुढे घरोघर छोट्या चक्क्या आल्या. गिरणी बंद झाली, मोटार विकली गेली आणि मला उपटून काढलं. व्यंकटरावांनी मला गोठ्याच्या फाटकाला गुंडाळलं. म्हशीने अंग घासावं, पावसाने भिजवावं, असं चाललं. माझ्यावर आधी काळा आणि मग हिरवा थर चढला. खंडेनवमी दर वर्षी आली, पण ती अंगणात ट्रॅक्टरपाशी थांबायची. फाटकापर्यंत कोणी आलं नाही.

आता शिवकन्येचं सांगते. हा भाग बराचसा ऐकीव आहे.

शिवकन्या भागवतची बायको. लग्नाआधी तिने गंगाखेडला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स केलेला. घराच्या पुढच्या खोलीत ती गावाचे मिक्सर, पंखे, टीव्ही दुरुस्त करते. तिची सासू दगडाबाई म्हणजे आराधी मेळ्याची म्होरकी. नवरात्रात देवीची गाणी म्हणायची ती दगडाबाईंनीच, आणि बाकीच्या बायकांनी मागून धरायची, असा गल्लीचा शिरस्ता. त्यांचा आवाज पहिल्यापासून हलका, पण शब्द स्वच्छ.

मागच्या नवरात्रात गोपीचंदच्या सेटवर त्या गायला बसल्या. गोपीचंद गावचा माईकवाला, माणूस हसतमुख. त्याचा सेट चालू केला की आधी मोठी घरघर सुरू होई आणि तिच्यावरून कोणीही बोललं तर ओरडून बोलावं लागे. दगडाबाई ओरडत नाहीत. त्यांची गाणी त्या घरघरीत बुडाली. लोक एकेक करत उठले आणि कोणीतरी जाता जाता म्हणालं, "म्हातारीचा आवाज गेला." ते त्यांनी ऐकलं. घरी येऊन त्यांनी झांज फडक्यात बांधून फडताळात ठेवली. त्यानंतर त्या दळणाच्या वेळीसुद्धा गुणगुणल्या नाहीत.

"आत्या, आवाज गेला न्हाई, सेट खराब हुता," शिवकन्या सासूला म्हणाली. "मी करते दुसरा. बिनघरघरीचा."

"करशील गं. पण घरघर गेली अन् तरीबी मी कुणाला ऐकू आले न्हाई, मग?" दगडाबाई म्हणाल्या. "आत्ता निदान सेटावर ढकलता तरी येतंय."

हे तिला लागलं. सेट बिघडला असता तर दुसरा करता आला असता, पण सासूबाईंचा प्रश्न एकदाच विचारला जाणार होता आणि त्याचं उत्तर गावासमोर मिळणार होतं.

तिने सुटे भाग आणून अॅम्प्लिफायर बनवला. चालू केला तर त्यालाही घरघर. का ते तिला कळत होतं. प्रत्येक भागातून परत जाणाऱ्या प्रवाहाला तिने पेटीच्या लोखंडावर जिथे जागा मिळेल तिथे टेकवलं होतं आणि ते सगळे आपापल्या वाटेने भटकत होते; ते भटकणं म्हणजेच घरघर. त्यांना एकच रुंद वाट पाहिजे होती: पेटीच्या मधोमध ताठ उभी राहील अशी एकसंध, उघडी तांब्याची तार. सगळे परतीचे धागे तिच्यावर जोडायचे आणि ती एकाच जागी पेटीला टेकवायची. लागणार होती दोन हात. पण मित्रांनो, दोन हात तांबं कोणी विकत नाही.

भागवत गंगाखेडला गेला. इलेक्ट्रिकच्या दुकानात म्हणाले, उघडी तार आता कोणी मागत नाही, मागवली तर अख्खं बंडल घ्यावं लागेल. घरात ओढतात ती वायर सोलून पाहिली तर आत केसासारख्या बारीक तारांचा झुपका. तो ताठ उभा राहीना. मग भागवत मोटार रिवायंडिंग करणाऱ्या मुंजाजीकडून एक लखलखीत तुकडा घेऊन घरी आला.

"घे तुझी उघडी तार. कशी चमकायलीय बघ. फुकट दिली मुंजाजीनं."

शिवकन्येने सोल्डरिंग गन टेकवली. कथलाचा थेंब अळूच्या पानावरच्या पाण्यासारखा घरंगळून खाली पडला.

"अवो, ही उघडी न्हाई. हिच्यावर रोगण हाय. मोटारीत तारेला तार चिकटून शॉट हुऊ न्हाई म्हणून."

"मला तर काहीच दिसंना."

"खरंच उघडी असती तर मुंजाजीनं फुकट दिली असती का?"

तिने ब्लेडने रोगण खरवडून पाहिलं. चार जोड धरले, पाचव्याला तार चिरून तुटली.

मग भागवत भंगारवाल्याकडे गेला. त्या दिवसांत शिवारातल्या विहिरींवरून मोटारींच्या केबली चोरीला जात होत्या. चोर केबल जाळून आतलं तांबं काढतात, त्यामुळे उघडं तांबं म्हटलं की भंगारवाला सावध.

"मला आधार कार्ड मागितलं त्यानं," भागवत घरी येऊन म्हणाला. "विकायला न्हाई, इकत घ्यायला आलो म्हणलं, तर म्हणतो, दोन हात तार कोण इकत घेतंय, खरं सांग काय भानगड हाय."

"मग तुमी काय म्हणलं?"

"म्हणलं, बायको गाणं वाजवणार हाय. तर त्यानं आतून अजून एका माणसाला बोलावलं."

दगडाबाई चुलीपुढे बसल्या होत्या. तोंडावर पदर धरून त्या हसल्या. शिवकन्येने ते पाहिलं आणि तिचा हट्ट वाढला.

घट बसायच्या आदल्या दिवशी ती व्यंकटरावांकडे दूध आणायला आली. फाटक उघडताना तिचा हात माझ्यावर पडला आणि थांबला. तिने पदराची पिन काढून माझ्या अंगावर ओढली. हिरव्याखाली काळं आणि काळ्याखाली लालसर गुलाबी निघालं. इतक्या वर्षांनी माझ्या खऱ्या अंगाला ऊन लागलं. त्या क्षणाचा आनंद मी दुसऱ्या कशाशी तोलू शकत नाही.

"मामा, ही तार द्या मला."

"ती न्हाई द्यायची," व्यंकटराव ओट्यावरून म्हणाले. "त्या तारेनं आमचं माणूस वाचवलंय."

"म्हणून म्हशीच्या दारात बांधून ठेवलीय," सरजाबाई आतून म्हणाल्या. "माझी बी तीच गत करताल." त्या बाहेर आल्या. "कशाला पायजे गं?"

शिवकन्येने सांगितलं. दगडाबाईंचं नाव निघताच सरजाबाई खाली बसल्या आणि माझे वेढे सोडू लागल्या. मेळ्यात त्या दगडाबाईंच्या उजव्या हाताला बसत. व्यंकटराव उठून आले, पक्कड घेऊन त्यांनी मला मधोमध तोडलं आणि अर्धी पुन्हा फाटकाला बांधली. "अर्धी ऱ्हाऊ दे. आठवण हाय," म्हणाले.

घरी शिवकन्येने मला ओसरीवर ठेवलं आणि ती कामाला गेली. परत आली तर मी देवीच्या तांब्या-ताम्हणाशेजारी, चिंच-मिठाने घासून, धुऊन, उन्हात वाळत होते.

"देवाची भांडी घासत हुते, हीबी घासली," दगडाबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "काळं तांबं मला बघवत न्हाई."

जाड तार तापायला वेळ लागतो. शिवकन्येने घाई केली नाही. मला पूर्ण तापू दिलं तेव्हाच कथील माझ्यावर पसरलं आणि धरून बसलं. एकेक धागा माझ्यावर आला आणि माझं टोक एकाच जागी पेटीला टेकलं. मित्रांनो, तेव्हा मला माझं काम ओळखू आलं. गिरणीत हेच केलं होतं. जे भटकलं आहे त्याला गोळा करायचं आणि जिथे सोडायचं तिथे नेऊन सोडायचं. मी ते करू लागले.

आता पुन्हा मंडपात या. पेटीच्या आत असल्यामुळे मला दिसत काहीच नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं; पाहिल्यासारखं सांगते ते मागाहून कानावर आलेलं.

आमच्या गावात माईक चालू आहे हे घरघरीवरून ओळखतात. घरघर नाही म्हणजे सेट मेला. गोपीचंद आपला सेट टेम्पोत तयार ठेवूनच आला होता. तो पुढे झाला.

"वहिनी, करंट तरी दिलाय का? का देवीच्या भरवशावर?" लोक हसले. त्याने हात घालून खटका दाबला.

"भावजी, चालू हुता. तुमी आत्ता बंद केला."

"चालू हुता? मग वाजंना का?"

"काय वाजायला पायजे? कुणी बोललंच न्हाई अजून."

तिने खटका पुन्हा दाबला. पुन्हा शांतता. कर्ण्याखाली बसलेल्या गल्लीतल्या आश्रुबांनी मान वर करून बघितलं म्हणे, आणि "न्हाई गड्या, गेलंच हे," असं सांगून टाकलं. या गोंधळात, सरजाबाईंनी झांजेसकट ओढून आणलेल्या दगडाबाई माईकपुढे तशाच बसून होत्या. त्या सरजाबाईंकडे झुकल्या आणि अगदी कुजबुजल्या.

"सरजे, ऊठ. मला वाटलंच हुतं, हे चालणार न्हाई. घरी जाऊ, भाकरी टाकायच्यात अजून."

ते वाक्य कर्ण्यातून मंडपभर, गल्लीभर आणि पार पलीकडच्या पारापर्यंत गेलं. शब्द न् शब्द. मागोमाग बांगड्यांची किणकिण गेली. पाराकडून कोणीतरी ओरडून विचारलं, "किती भाकरी टाकायच्यात, दगडामावशी?"

मंडप हसून लोळला. दगडाबाई हसल्या नाहीत. त्या कर्ण्याकडे पाहत राहिल्या, असं नंतर शिवकन्या सांगत होती. मग त्या माईकमध्येच, पण स्वतःशी म्हणाल्या, "आवाज तर हाय की गं."

हेही सगळ्यांनी ऐकलं. या वेळी कोणी हसलं नाही.

सरजाबाईंनी फडक्यातली झांज सोडून त्यांच्या हातात दिली. दगडाबाई गायल्या. हलका, किंचित कापरा, स्वच्छ आवाज. श्वास घेतला तो ऐकू आला, शब्दाच्या शेवटी ओठ मिटले तेही ऐकू आले. बाहेरच्या ओट्यांवरची माणसं आत सरकली. मागच्या वर्षी ज्या गाण्याला लोक उठले होते तेच त्यांनी मुद्दाम शेवटी घेतलं. उठलं कोणी नाही. मी माझ्या जागी ताठ होते आणि घरघरीचा एक कणही पुढे जाऊ देत नव्हते. आनंदाचं मोजमाप मला येत नाही, पण फ्यूज उडाला त्या सकाळपेक्षा हा दिवस मोठा होता.

खंडेनवमीला भागवतने सोल्डरिंग गनला, पकडीला हळदकुंकू लावलं. दगडाबाईंनी त्याला थांबवलं. "झाकण काढ पेटीचं," म्हणाल्या.

"आत्या, आधी पिन काढा बोर्डाची," शिवकन्या म्हणाली. पिन काढली, झाकण काढलं आणि दगडाबाईंनी माझ्यावर एक बोट ओढलं. जोड सोडून, बरोबर मधे.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. तांब्याचा आखूड तुकडा हाती आला तर टाकू नका, घासून ठेवा, कोणाला तरी तेवढाच लागत असतो. तांब्यासाठी केबली जाळू नका. आणि तुमच्या घराच्या किंवा शाळेच्या भिंतीमागे अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात तांब्याभर पाणी ओता. तिथे माझी कोणीतरी बहीण उभी आहे.

शेवटची हाती आलेली बातमी अशी. काल सकाळी गोपीचंद दूध घ्यायच्या निमित्ताने व्यंकटरावांच्या गोठ्यावर गेला होता. फाटक त्याने बराच वेळ धरून ठेवलं आणि मग आपल्या सेटसाठी उरलेल्या अर्ध्या तारेचं विचारलं. व्यंकटराव "बघू" म्हणाले. सरजाबाईंनी त्याला चहा दिला आणि दुसऱ्या अर्ध्या तुकड्याने काय काय केलं ते पहिल्यापासून सांगितलं. तो रिकाम्या हाताने परत गेला, पण आज पुन्हा येतो असं सांगून गेला आहे. व्यंकटरावांची पक्कड सकाळपासून ओट्यावर बाहेर ठेवलेली आहे. ती कशासाठी, ते अजून कळलेलं नाही.