थेंब पडला नाही वाटतं

थेंबेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. डोळ्यांच्या औषधाच्या कारखान्यात उभा जन्म गेला, म्हणून लोकांनी चिकटवलेलं. कोरड्या डोळ्यांत घालायचे थेंब तिथे बनायचे आणि काका त्यांचा पृष्ठताण मोजायचे. नुसतं पाणी डोळ्यात घातलं तर अंग आखडून गोळा होतं आणि गालावरून ओघळतं. त्यात पॉलिमरची चिमूट पडली की तेच पाणी शहाण्यासारखं पसरतं, टिकतं. पण पॉलिमरच्या लांबलचक साखळ्या पृष्ठभागावर यायला वेळ घेतात, तोवर यंत्रावरचा आकडा घसरत राहतो. बाकीचे घाई करायचे. काका मात्र आकडा ठरेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. मान कापली तरी खोटा आकडा त्यांनी लिहिला नसता.

आणि म्हातारपणी त्यांचेच डोळे कोरडे पडले. घ्या! थेंब बाटलीच्या तोंडातून सुटेपर्यंतचं सगळं काकांना ठाऊक. पुढचं खातं काकूंचं. काकू गेल्या आणि काकांचा प्रत्येक थेंब कानात, नाहीतर मिशीत. म्हणून ते रोज सकाळी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जायला लागले.

तिथली नर्स तोंडाची फटकळ, हाताची मऊ. "वर बघा काका, छताला सोनं लागलंय का बघा," म्हणत ती एका हाताने कपाळ धरायची, अंगठ्याने पापणी उचलायची आणि थेंब सोडायची. काकू गेल्यापासून, न्हावी सोडला तर, काकांना कुणाचा हात लागला नव्हता.

एक दिवस थेंब अगदी नेमका पडला. गार, सगळ्या डोळ्यावर पसरला. काकांना नाही कळणार तर कुणाला? तरी ते म्हणाले, "पडला नाही वाटतं, सिस्टर."

"बरं, परत." कपाळावरचा हात तसाच राहिला.

मग काय, चटकच लागली. रोज एखादा थेंब चुकायला लागला, कधी दोन. घरी परतताना काकांना स्वतःची लाज वाटायची, आणि दुसऱ्या दिवशी ते जरा लवकरच निघायचे.

आज मात्र नर्सच्या हातात बाटली नव्हती, छोटी ट्यूब होती. "तुमचं डॉक्टरांच्या कानावर घातलं मी. म्हटलं, काकांचा थेंब काही केल्या ठरत नाही. हे जेल आहे. घट्ट असतं, ओघळत नाही. आरशासमोर उभं राहून तुमचं तुम्हीच लावा. आता रोजचे खेटे बंद!" ती खूश होती बिचारी.

"सिस्टर, थेंब पडायचा हो," एवढंच तर म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं. पण मग खोटं कशाला बोललात, असं तिने विचारलं तर सांगायचं काय?

"वा, सोय झाली," काका म्हणाले.

घरी येऊन त्यांनी आरशासमोर खालची पापणी ओढली आणि ट्यूब दाबली. जेल पहिल्याच खेपेला डोळ्यात बसलं. दुसऱ्या डोळ्यातही. काकांना एकदम भडभडून आलं.

"एकदा तरी चुकायचं की रे, लेका," ते ट्यूबला म्हणाले.