बैठकीतला पिवळा दिवा

काशीत अमृतराव घाटावरून वर येणाऱ्या गल्लीत आराध्यांचे घर आहे, आणि त्या घरात शरदिनीबाईंना विचारल्यावाचून खुंटीवरची पिशवीसुद्धा जागची हलत नसे. त्यामुळे त्या दिवशी गंगास्नान आटोपून परतलेल्या शरदिनीबाईंनी उंबरठ्यावर पाऊल ठेवले आणि ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंत घराचा उजेडच बदललेला पाहिला, तेव्हा त्या जागीच थबकल्या. जुने बल्ब एका टोपलीत जमा झाले होते, आणि नात बकुळ हात झटकत स्टुलावरून उतरत होती.

“हे कोणाच्या हुकमानं?”

“माई, बिजली विभागाकडून एलईडी मिळत होते, किफायती. सगळ्या गल्लीनं घेतले. विजेची इतकी बचत होते की—”

“बचतीचं मी विचारलं नाही. कोणाच्या हुकमानं?”

बकुळ विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकत होती. परंतु या प्रश्नाचे उत्तर त्या शास्त्रात नव्हते. शरदिनीबाईंनी देवघरात डोकावून पाहिले. त्या पांढऱ्या उजेडात अन्नपूर्णेचा मुखवटा आजारातून उठल्यासारखा दिसत होता. “हे घर आहे की दवाखाना?” त्या कडाडल्या.

एवढ्यात त्यांचा मुलगा रत्नाकर जिन्यावरून उतरला. एरवी मुलीची बाजू घेणारा रत्नाकर त्या दिवशी चटकन आईच्या बाजूने उभा राहिला. “माईंचं बरोबर आहे. आता लावलेत ते राहू देत, पण बैठकीत असला एकही दिवा जाता कामा नये. तिथे शंभर वॅटचा पिवळा दिवाच राहील. बैठकीत माईंचा शब्द चालतो.”

हे ऐकून शरदिनीबाईंचा राग अर्धा उतरला. निदान मुलाला तरी आपली किंमत कळते, असे त्यांना वाटले.

बैठक म्हणजे तळमजल्यावरची, एकही खिडकी नसलेली, पांढरी गादी अंथरलेली खोली. आराध्ये पिढ्यान्‌पिढ्या तीर्थोपाध्याय. नाशिक, सातारा, वाई इथले यजमान काशीला येत, तेव्हा आराध्यांकडे उतरत. अस्थी विसर्जित करीत, श्राद्धे करीत, आणि घरात पुढे लग्नकार्य असेल तर जाताना मुलीसाठी बनारसी शालू घेऊन जात. रामनगरच्या विणकरांकडून ते शालू आणवण्याची प्रथा शरदिनीबाईंच्या पतींनी सुरू केली होती. त्यांच्यामागे तो व्यवहार रत्नाकर पाहत असे. संधिवाताने बोटे आखडल्यापासून शरदिनीबाईंना कापडाचा पोत कळेनासा झाला होता. मात्र एक गोष्ट त्यांनी कधीही सोडली नव्हती. शालू निवडून झाला की त्या आपला स्वतःचा लग्नातला शालू आणवीत, त्याचा पदर नव्या पदराला लावून गादीवर पसरीत, आणि म्हणत, “हा माझा, हा तुझा. माझी जर अजून काळी पडलेली नाही. तुझीही पडणार नाही.” यावर कोणी घासाघीस करीत नसे. माईंनी सांगितले, म्हणजे झाले.

बाजारात शंभराचे बल्ब मिळेनासे होऊ लागले, तसा रत्नाकर ते कुठून कुठून पैदा करू लागला. आईच्या हट्टासाठी मुलगा एवढा धावतो, हे शरदिनीबाई शेजारीपाजारी मोठ्या तोऱ्याने सांगत.

मार्गशीर्षात नाशिकच्या एका यजमानांच्या घरची सीता आली. नव्या नवरीच्या वेशात याच बैठकीत बसलेली सीता आता स्वतःच्या मुलीचे लग्न घेऊन बसली होती. रत्नाकर एका यजमानाबरोबर मणिकर्णिकेला गेला होता, म्हणून बकुळच शालू उलगडून दाखवीत होती. सीतेचे मन एका डाळिंबी शालूवर बसले. शरदिनीबाईंनी शिरस्त्याप्रमाणे आपला शालू मागवला, दोन्ही पदर जोडून पसरले, आणि बोलायला तोंड उघडले, तोच वरचा दिवा टप्‌कन आवाज करून विझला.

“गेला,” बकुळ म्हणाली.

“दुसरा लाव.”

“दुसरा नाही, माई. बाबांनी आणलेले सगळे संपले. एलईडी आहे घरात. लावू?”

सीतेची गाडी संध्याकाळची होती, आणि पाहुणीला अंधारात बसवून ठेवणे ही काही आराध्यांची रीत नव्हती. “लाव,” त्या म्हणाल्या, “सीता गेल्याबरोबर काढ.”

दिवा लागला. शरदिनीबाईंनी गादीकडे पाहिले, आणि ओठांवर आलेले वाक्य ओठांवरच राहिले.

त्यांचा स्वतःचा पदर शांत, मळकट पिवळा दिसत होता, जुन्या मोहरेसारखा. त्याला लागून पसरलेला नवा पदर चिंचेने घासलेल्या तांब्यासारखा लालसर चमकत होता. पिवळ्या दिव्याखाली सख्ख्या बहिणी शोभणाऱ्या त्या दोन्ही पदरांच्या जरी आता एकमेकींची ओळखही दाखवीत नव्हत्या.

“बकुळ, काडेपेटी आण. आणि चिमटा.”

“राहू द्या ना, माई,” सीता घाईने म्हणाली. “मला रंग पसंत आहे. मी हाच घेते.”

“तू गप्प बस.”

शरदिनीबाईंनी बकुळकडून नव्या शालूच्या पदराच्या कडेची एक तार उपटून घेतली आणि ती चिमट्यात धरून पेटवायला सांगितले. खऱ्या जरीच्या पोटात रेशीम असते. ते जळताना केसासारखा वास येतो, राख चुरते आणि चांदीची तार शिल्लक राहते. या तारेला तसला वास आला नाही. प्लास्टिकची बादली जळावी तसा उग्र धूर निघाला, आणि चिमट्याच्या टोकाला एक काळी, चिकट गोळी लोंबू लागली.

बकुळचा चेहरा पांढरा पडला. सीतेने नजर दुसरीकडे वळवली. तेवढ्यात रत्नाकर आत आला. त्याने आधी दिव्याकडे पाहिले, मग गादीकडे, आणि तो तडक बटणाकडे वळला. “हा कसला भिकार दिवा लावलात? यात सोनंसुद्धा पितळ दिसेल! बंद करा आधी.”

“बटणाला हात लावशील तर याद राख.”

त्याचा हात तिथेच राहिला.

“कधीपासून?” शरदिनीबाईंनी विचारले.

“माई, पाहुण्यांसमोर—”

“पाहुण्यांनाच विकतोस ना? मग त्यांच्यासमोरच सांग. कधीपासून?”

रत्नाकरने खांदे उडवले. “बाबा गेल्यावर. सगळं बनारस हेच विकतं, माई. खऱ्या जरीचे भाव तुम्हाला माहीत तरी आहेत का? ती आता परवडते कोणाला? विणकरसुद्धा हीच लावतात.”

“खोटी जर विकणं हे काही पाप नव्हे. खोटी म्हणून विकायचीस. कितीतरी मुलींनी आनंदानं नेली असती. खरी म्हणून का विकलीस?”

“मी कुठे म्हणालो खरी?” रत्नाकरचाही आवाज चढला. “मी एका शब्दानं कधी म्हणालेलो नाही. तुम्हीच आपला शालू आणून शेजारी मांडत होता. तुम्हीच म्हणत होता, हा माझा, हा तुझा. मी फक्त दिवा सांभाळला.”

शरदिनीबाई भिंतीला हात देऊन उठल्या. बकुळ आधार द्यायला पुढे झाली, तिला त्यांनी नजरेनेच मागे सारले. बाजारोबाजार हिंडून बल्ब आणणारा तो आज्ञाधारक मुलगा त्यांना आता नीट दिसला. बैठकीत माईंचा शब्द चालतो, असे म्हणणाराही दिसला. तो शब्द खरोखरच चालवला गेला होता, खोट्या नाण्यासारखा.

“माझ्या लग्नाच्या शालूला तू खोट्या साक्षीला बसवलंस,” त्या म्हणाल्या, “आणि मला त्याचा वकील केलंस. सीता, हा शालू मी तुला देणार नाही. ही जर खोटी आहे. नाशकात जाऊन सर्वांना सांग, शरदिनीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं म्हणून.”

सीतेने वाकून नमस्कार केला. काही बोलावे असे तिच्या मनात होते. पण माईंचा चेहरा पाहून तिने आपली पिशवी उचलली आणि ती निघून गेली.

“आता फोन काढ,” शरदिनीबाई मुलाला म्हणाल्या. “ज्यांना ज्यांना हे दिलंस त्या सगळ्यांचे नंबर असतील त्यात. एकेक लाव. मी बोलणार आहे.”

“माई, वेड लागलंय का तुम्हाला? पिढ्यांचं नाव आहे. उद्या एक यजमान फिरकणार नाही दारात.”

“नाव माझ्या नवऱ्याचं आहे. ते कसं बुडवायचं, हे मी ठरवीन. लाव. साताऱ्याच्या पद्मापासून सुरुवात कर.”

रत्नाकरने फोन लावला आणि आवाज मोठा करून आईसमोर धरला. पलीकडून पद्माचा आनंदित स्वर आला. “माई? तुम्ही स्वतः? काय म्हणते काशी?”

“पद्मा, मी सांगते ते नीट ऐक. तुझ्या सुनेला आमच्याकडून शालू नेला होतास. त्याची जर खोटी आहे. मला ठाऊक नव्हतं, पण खरी म्हणून मीच सांगितलं होतं. तो परत पाठव; भरपाई आराध्यांचं घर करील.”

पद्मा हलकेच म्हणाली, “ती जर काळी पडली, माई. दुसऱ्या दिवाळीलाच. आम्हाला माहीत आहे. माझ्या जावेच्या मुलीचीही तशीच.”

“माहीत आहे? मग मला का नाही कळवलंस?”

“रत्नाकरभाऊंना सांगितलं होतं. ते म्हणाले, माईंनी स्वतः पारखून दिलाय, तक्रार असेल तर माईंकडेच करा.” पद्मा अडखळली. “आता तुम्हाला कोण सांगणार, माई? तुमच्यापुढे कोणाची टाप आहे? आम्ही आपलं पुढच्या लग्नाला येवल्याला गेलो.”

फोन बंद झाला. यजमान हल्ली कमी का येतात, या प्रश्नावर शरदिनीबाई गेली काही वर्षे काळाला, रेल्वेला आणि नव्या हॉटेलांना शिव्या देत होत्या.

“झालं समाधान?” रत्नाकर म्हणाला. “सगळ्यांना माहीतच आहे, तर पुन्हा सांगून काय मिळवणार? बसा आता. बकुळ, पाणी आण माईंना.”

“पाणी नको. पुढचा नंबर लाव.”

“माई—”

“लाव!”

तो आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत गेला असेल. रत्नाकरने निमूटपणे वाईचा नंबर दाबला. घंटा वाजू लागली. कोणा बाईने फोन उचलला, “हॅलो” म्हटले.

“मी काशीहून शरदिनी आराध्ये बोलते,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडून नेलेल्या शालूबद्दल तुम्हाला जे बोलायचं असेल, इतके दिवस माझ्या धाकानं राहिलं असेल, ते सगळं आत्ता बोला. काही गाळू नका. मी ऐकते आहे.”