पहिल्या नंबरचा मेंदू
बुधवारची दुपार नेहमीसारखीच गेली. ओसरीत डॉन एलिओदोरो घेवडा सोलत बसले होते आणि त्यांची मुलगी ओतिलिया त्यांच्याकडून पाच शब्द घोकून घेत होती. घोडा, विहीर, लिंबू, कंदील, टोपी. ते एकदाही अडखळले नाहीत.

"मी तीस वर्षं मास्तरकी केली," ते म्हणाले, "पण पोरांना इतकं पिडलं नव्हतं हो."

डोंगरातल्या सान एलादिओ गावात विसरण्याचा रोग रक्तातूनच येतो. पन्नाशीच्या आसपास माणूस स्वतःच्या दारात उभा राहून स्वतःच्याच घराचा पत्ता विचारतो, आणि शेजारी समजून जातात. सहा वर्षं डॉक्टर मार्लेनी शहरातून येऊन, दर सहा महिन्यांनी सगळ्यांची स्मरणशक्ती तपासत. नवी प्रश्नपत्रिका छापायला मंत्रालयाकडे पैसा नव्हता, त्यामुळे शब्द तेच राहिले. आपण मागच्या वेळी काय विचारलं होतं, हे मंत्रालयात कुणाच्या लक्षातही नव्हतं.

भल्याभल्यांनी तपासणीच्या खोलीतून मान खाली घालून बाहेर यावं, हे ओतिलियाला बघवत नव्हतं. त्यातून आपला बाप मास्तर. तिनं घरीच शिकवणी लावली. मार्क वाढले. राजधानीत आनंदीआनंद झाला, की सरकारी संशोधनानं एका मेंदूतला रोग मागे हटवला. मंत्रालयाचे संचालक बार्रागान यांनी कळवलं, गुरुवारी स्वतः येऊन हा माणूस पाहीन, मगच पुढच्या तीन वर्षांचं अनुदान. त्याच अनुदानावर गावातल्या तेवीस घरी नर्स येत होती.

गुरुवारी पहाटे डॉन एलिओदोरो झोपेतच गेले.

बार्रागान ठरल्याप्रमाणे दहाला आले, सोबत फोटोग्राफर आणि डॉक्टर मार्लेनी. शवपेटीपाशी त्यांनी हॅट काढली, दिलेली कॉफी प्यायले, आणि खालच्या आवाजात चौकशी केली की मृत्यूची तारीख शुक्रवारची घालता येईल का, कारण मयताची प्रगती नियमात बसत नाही. मग मेंदू दान होणार असल्याचं कळलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. गावात तो रिवाजच होता. माती देण्याआधी मेंदू डॉक्टरांना द्यायचा. बार्रागान म्हणाले, मंत्रालयाच्या दर्शनी दालनात मेंदूची बरणी ठेवू, खाली पितळी पाटी लावू. मंत्रिमहोदयांना पितळ आवडतं.

डॉक्टर मार्लेनींनी संमतीचा कागद पुढे केला. त्यांचे डोळे रडून सुजले होते, तरी चेहऱ्यावर आशा होती.

"यांच्यात रोग कशानं थांबला ते कळलं ना ओतिलिया, तर बाकीच्यांसाठी औषध शोधता येईल. आता दुसरं काही करणारच नाही मी."

ओतिलियानं पेन घेतलं. गप्प राहिलं तर नर्स येत राहील. आणि ही बाई उरलेलं आयुष्य एका शिकवणीचं औषध शोधत बसेल.

तिनं सही केली. कागद मात्र हातातच धरून ठेवला.

"काही थांबलं नव्हतं, डॉक्टर. शब्द मी घोकून घेत होते, रोज, जेवणाआधी." बार्रागान खोकले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. "माझं नाव काही तुमच्या परीक्षेत नव्हतं. मीही त्यांना कधी विचारलं नाही. दोन वर्षं झाली, बाबा मला ओळखत नव्हते."