पानाच्या तळाचा शब्द

हायमबाबांनी जन्मभर एका पानाची वाट पाहिली, आणि ते आलं त्यांच्या कबरीवर दगड बसवायच्या आदल्या दिवशी.

जासईच्या कंटेनर यार्डात नोकरी, पगार बेताचा. पण यहुदी गूढविद्येचं जुनं छापील पुस्तक कुठे निघालंय असं कळलं की बाबा रजा टाकून निघालेच. त्यातलं सगळ्यात लाडकं इटलीत, लिव्होर्नोला छापलेलं, अडीचशे वर्षांहून जुनं. त्याचं शेवटचं पान नव्हतं. जुने छापखाने प्रत्येक पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द छापत, बांधणीत क्रम चुकू नये म्हणून. त्यामुळे हरवलेल्या पानाचा एकच शब्द बाबांना माहीत होता: 'ये'.

मुलगी शेगुला लहान असताना ते तिला विचारत, "ये म्हणतोय, पण कुठे ते सांगत नाही. तुला काय वाटतं गं?" ती दर वेळी नवं ठिकाण सांगायची. ओव्याच्या डोंगरावर. आजीकडे. बाबा प्रत्येक ठिकाणाला मान डोलवायचे.

जाताना त्यांनी सांगितलं होतं, "कबरीवर दगड बसेपर्यंत पान मिळालं तर पुस्तक तू ठेव. नाही मिळालं, तर माझ्याशेजारी पुरा." जीर्ण, अपुरं पवित्र पुस्तक रद्दीत जात नाही, कबरस्तानातच जातं, तेव्हा त्यात नवल नव्हतं. पण शेगुलाला ते जायला नको होतं. पानापानांत बाबांनी ठेवलेल्या सब्जाच्या काड्या होत्या, शनिवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, सुटताना हुंगलेल्या. वास केव्हाच गेला होता. तरी ती हुंगायची.

बाबांना पुस्तकं मिळवून देणाऱ्या मुंबईच्या हितेशभाईंनी ते पान कुरियरनं पाठवलं. सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या दाऊदकाकांसमोर तिनं ते उघडलं. काकांनी चष्मा चढवला.

"छापखाना तोच. शेवटचंच पान आहे." मग पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "पण पहिला शब्द वेगळा आहे, पोरी. दुसऱ्या खेपेची छपाई असणार."

पान बोटभर आखूडही होतं.

"म्हणून काय झालं? डिंक लाव, चिकटव. बाप येतोय का तपासायला?"

"यायला हवे होते," शेगुला म्हणाली.

काकांनी चष्मा उतरवला. "एकदा त्यालाही म्हटलं होतं, लाव रे कुठलंही पान नि झोप सुखानं. आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, गाढव."

संध्याकाळी तिनं डिंकाची बाटली खरंच आणली. झाकण उघडलं. पान पुस्तकाला टेकवून पाहिलं. तळाशी 'ये', आणि समोर भलताच शब्द. बाबांनी मान डोलवली नसती असं हे पहिलंच ठिकाण होतं.

तिनं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी दगड बसला. शेजारच्या खड्ड्यात पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं पुस्तक तिनं स्वतः ठेवलं, सब्जाच्या काड्यांसकट. एकही काढून घेतली नाही. हातावरची माती झटकत असतानाच हितेशभाईंचा फोन आला.

"जमलं का, बेन?"

"नाही. ते पान परत पाठवते."

"मग आता शोध थांबवू?"

"नको. बघत राहा."

"पण पुस्तक तर तुम्ही... मिळालं तर लावणार कुठे?"

शेगुलानं ताज्या मातीकडे पाहिलं.

"लावायचं नाहीये, हितेशभाई. कुठे बोलावलंय, तेवढंच वाचायचंय."