म्हणे, मी बिघडले!

मी एक जुनी मशीन आहे, आणि मित्रांनो, आज मी संतापलेली आहे. आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तूने जरा हळवं, सोशिक असावं असा संकेत आहे. तो मी पाळणार नाही.

माझं काम माणसाच्या रक्तातून प्लाझ्मा वेगळा काढण्याचं. तुमच्या दंडातून रक्त येतं, मी ते गरगर फिरवते, वाळल्या गवताच्या रंगाचा पिवळा प्लाझ्मा पिशवीत सोडते आणि उरलेल्या लाल पेशी तुमच्या तुम्हाला परत करते. पाऊण तासाचा खेळ. घेतलेली वस्तू इतक्या लवकर परत करणारे तुमच्या ओळखीत किती जण आहेत, ते मोजून बघा.

मी रक्तपेढीत आले तेव्हा माझं फार कौतुक झालं. मोठ्या साहेबांनी माझ्यासोबत फोटो काढला. त्यात साहेब पूर्ण आहेत, मी अर्धी. पुढे सगळ्यांना माझी सवय झाली. माझ्या डोक्यावर कापसाची खोकी आली, मग चहाचे कपही आले. रक्ताची धार मंदावली की मी शिटी वाजवते. ते माझं कर्तव्यच आहे. पण पाणी न पिता आलेल्या माणसाला कुणी बोलत नाही. "फार कटकटी मशीन आहे," म्हणून मलाच चापट मारतात.

समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत सूचना आहेत. आदल्या दिवसापासून भरपूर पाणी प्या. रात्री नीट झोपा. उपाशी येऊ नका, पण तळलेलं, तुपकट खाऊ नका. दारू नको. सैल बाह्यांचे कपडे घाला. लोक हे सगळं मन लावून वाचतात. हातात सुई गेल्यावर!

त्या दिवशी एक मामा आला. भाचीचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. तिचं रक्त नीट गोठत नसे, त्यामुळे आधी प्लाझ्मा दिल्याशिवाय डॉक्टर कात्री लावायला तयार नव्हते. तिच्या गटाचा साठा संपलेला. घरात तो गट एकट्या मामाचा.

"पाणी प्यायलात?" नर्सबाईंनी विचारलं.

"तांब्याभर."

"जेवण?"

"हलकंच. अगदी नावाला."

चार शब्दांत दोन थापा! नको म्हणतील या भीतीने मारलेल्या. पण मित्रांनो, नर्सबाईंना थाप मारता येते, मला नाही. मला रक्तच दिसतं. ते घट्ट, कंटाळलेलं, रांगत येत होतं. मी शिटी वाजवली, चापट खाल्ली, पुन्हा वाजवली. आणि पिशवीत जे उतरलं ते पिवळं नव्हतंच. पांढरट, साय धरलेल्या दुधासारखं. नर्सबाईंनी पिशवी उजेडात धरली.

"खरं सांगा, काय खाल्लंत?"

मामाने मान खाली घातली. "ताईने वाढलं हो. तुपात घोळवलेलं, वर तळलेलं. म्हणाली, माझ्या पोरीसाठी रक्त द्यायला चाललास, उपाशी कसा धाडू? पाच वेळा वाढलं."

"आणि पाणी?"

"मध्येच लघवीला लागली तर काय, म्हणून सकाळपासून थेंब नाही घेतला."

"ही पिशवी टाकून द्यावी लागेल. ऑपरेशन पुढे ढकलायला सांगा आणि दोन दिवसांनी या."

तेवढ्यात ताई दारात. "झालं का रे बारक्या?"

बारक्याने ताईकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "मशीन बिघडली गं ताई. जुनाट आहे."

नर्सबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांची ड्यूटी संपली होती, दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. बहिणीला लागू नये म्हणून तो खोटं बोलला, हे मलाही कळलं. पण माणसांच्या प्रेमळपणाचा चिखल नेहमी आमच्याच अंगावर का उडावा?

ताई तडक साहेबांकडे गेली आणि तावातावाने तक्रार देऊन आली. संध्याकाळी माझ्या तोंडावर चिठ्ठी लागली : ‘नादुरुस्त. वापरू नये.’ मी जन्मात पहिल्यांदा गप्प उभी होते, तेही तंदुरुस्त असताना.

दोन दिवसांनी मामा आला. झोप झालेली, हलका जेवलेला, सैल सदरा. ताई पाण्याची बाटली घेऊन मागे, "पी अजून, पी," चाललेलं.

"मशीन बंद आहे," साहेब म्हणाले. "मेकॅनिक आठ दिवसांनी येईल. दुसरी नाही आमच्याकडे."

ताई मटकन बसली. मामा तिच्यासमोर उकिडवा बसला.

"ताई, मशीन बिघडली नव्हती," तो म्हणाला. "मी बिघडवलं. पाणी प्यायलो नाही, वर ते तूप. प्लाझ्मा टाकून द्यावा लागला."

"म्हणजे माझ्या जेवणाने?"

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटलं असतं! रडले असते! दोन दिवसांत रडून झालं असतं माझं. आता पोरगी आठ दिवस थांबेल का रे, गाढवा?"

नर्सबाईही पुढे आल्या. "मीही त्या दिवशी बोलायला हवं होतं, साहेब. मशीन ठणठणीत आहे."

साहेबांनी मिठाच्या पाण्यावर माझी अर्धा तास परीक्षा घेतली. मी सगळे आकडे बरोबर दिले. इतकी वर्षं तेच देत होते. चिठ्ठी निघाली. मामाच्या दंडातून रक्त कसं खळाळत आलं! पिशवी पिवळीधमक भरली. तपासण्या झाल्या, पिशवी वरच्या वॉर्डात गेली, आणि दुसऱ्या दिवशी पोरीला ऑपरेशनला आत नेलं.

सगळ्यांनी सगळ्यांची माफी मागितली. माझी नाही. नर्सबाईंनी चिठ्ठीचा उरलेला डिंक ओल्या बोळ्याने पुसला, तेवढंच.

तेव्हा मित्रांनो, ज्याला कुणाला वाचवायचंय त्याच्यासाठी आदल्या दिवसापासून पाणी प्या. आग्रहाने वाढणाऱ्याचा हात धरा. आणि चुकलंच, तर त्याच मिनिटाला सांगा. तुमची थाप मला पाच मिनिटांत कळते. पण मला बोलता येत नाही, फक्त शिटी वाजवता येते.